एक जादा फेरी

राकवेरेच्या मैदानावर उंच उडीची दांडी ठेवते ती मी, हेल्वे.
पोलादी फीत वरून खाली सोडायची,
तीही मधोमध, जिथे दांडी किंचित झुकलेली असते.
टोकांशी मापायचं नसतं.
माणसांचंही असंच करावं, असं म्हणणार होते,
पण राहू दे.

आज एक पंच्याहत्तर.
केर्तू नावाची मुलगी आहे, गुडघ्यावर निळी चिकटपट्टी,
ओठांत काहीतरी पुटपुटते, बहुतेक शिव्या.
जिल्ह्याचा विक्रम एक चौऱ्याहत्तरचा,
माइमूचा, पन्नास वर्षांचा जुना,
सोफ्याच्या कारखान्यातले फोमचे तुकडे
मासे धरायच्या जाळ्यात भरून केलेल्या गादीवरचा.
माइमू आता कॅनडात. तिला तो आठवतही नसेल.
मला आठवतो. मी तो बघितला.
बघायला नको होता.

त्या संध्याकाळी माझं काम दुसरं होतं.
जूनचा उजेड, रात्रीचे नऊ वाजले तरी झाडांवर ऊन,
बायकांची तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या,
आणि माझ्या हातात पत्र्याचे आकडे नि घंटेची दोरी.
एक बाई गेली की एक आकडा उलटायचा.
एवढंच.
सगळ्यांच्या पुढे साल्मे, दूधकेंद्रातली,
भावाचे बूट, पुढे वर्तमानपत्राचा बोळा,
अशी पळत होती की मागच्या बायका
दुसऱ्याच कुठल्या शर्यतीत असाव्यात.
तेवढ्यात पलीकडे माइमू वर गेली.
पाठ आकाशाकडे नाही, पाठ दांडीकडे,
असं कुणी आमच्याकडे तोवर केलं नव्हतं.
मी बघत राहिले.
साल्मे माझ्या समोरून गेली
आणि पत्रा तसाच राहिला.

रेषेवर घड्याळवाले उभे, अंगठे तयार,
माझ्या आकड्याकडे बघणारे.
साल्मेने रेषा ओलांडली. कुणी काही दाबलं नाही.
मग मी घंटा वाजवली.
ती पुन्हा निघाली.

विक्रमांच्या वहीत अजून आहे:
साल्मे, तीन हजार चारशे मीटर,
वेळ नोंदवलेली नाही,
आणि पुढे शाईचा डाग, तो माझा.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याच शेजारी बसली,
बूट मांडीवर, अंगठ्याला फोड.
म्हणाली, मीही मोजत होते.
मग थांबली का नाहीस?
घंटा झाली नव्हती ना.
त्या काळी आमच्याकडे सगळेच
घंटा होईपर्यंत पळत होते.
ड्रायव्हरने आरशातून बघितलं, आम्ही गप्प बसलो.

तेव्हापासून मी फेऱ्या मोजत नाही. उंची मापते.
मोजताना चुकता येतं,
मापताना फीत तुमच्या वतीने लक्ष देते.
साल्मे प्रत्येक स्पर्धेला येते,
तिसऱ्या बाकावर, थर्मास, राईचा पाव, स्वेटर जूनमध्येसुद्धा.
उड्या बघत नाही.
लांब पळणाऱ्या पोरींच्या फेऱ्या बोटांवर धरते,
आणि पंचांच्या आधी एक क्षण
मान हलवते.

केर्तूने दोनदा पाडली.
दोन्ही वेळा दांडी मीच उचलली, पुसली, ठेवली.
तिसऱ्यांदा तिने पुटपुटणं थांबवलं.
माझ्या पाठीमागे घंटा झाली, पाच हजाराची.
मी वळले नाही.
केर्तूची टाच दांडीला लागली असावी,
दांडी थरथरली, भुवया उडवल्यासारखी,
आणि राहिली.

विक्रम झाला की पुन्हा मापायचं असतं.
मी स्टुलावर चढले, फीत सोडली,
मधोमध.
आकडा वाचला नाही.
साल्मेला खाली बोलावलं, पंच कुरकुरले, नियमात नाही म्हणाले.
तू वाच, म्हटलं.
तिने चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.
एकदा वाचलं, ओठ हलवून दुसऱ्यांदा.
बरोबर आहे, म्हणाली.
मग जरा थांबून,
तरी एकदा तूही बघ.