बोली-बाजी

अरबीत 'प' नाही.
म्हणून पाटीवर डावीकडे आपल्या लिपीत 'पोळी-भाजी'
आणि उजवीकडे रंगारी यासीनने जमेल तसं लिहिलेलं.
रेवतीने शाळेतल्या अक्षरांवरून ते लावून वाचलं
तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो:
बोली-बाजी.
तेव्हा हसायला परवडत होतं.

सोहारच्या या रस्त्याला तेव्हा दुपारी बाराला
कारखान्याच्या बसेस थांबायच्या.
निळ्या डगल्यांतली माणसं उतरायची,
पोळी पन्नास बैसे, कांदा मागाल तितका.
आता बस न थांबता पुढे जाते,
की येतच नाही आणि मी नुसता आवाज ऐकते,
खरंच सांगता येणार नाही.

वहीत कुंडलिक वेल्डरच्या नावावर अकरा रियाल सातशे.
कंपनीने एका रात्रीत विमानात बसवलं त्याला.
जाताना दारातूनच म्हणाला, वहिनी, बाकी राहिली.
मी म्हटलं, राहू दे.
राहिलीच आहे.

भाड्याचे चेक इथे एकदम बारा द्यावे लागतात,
पुढच्या तारखांचे, सह्या करून.
विश्रामनी केल्या तेव्हा पेन कसं सरसर चाललं होतं!
आता दर एक तारखेला
त्यांचंच अक्षर आमच्या अंगावर येतं.

शनिवारी मोठ्या भावोजींचा फोन यायचा होता, देवगडहून,
तोंड दिसणारा.
चार लाख त्यांचे आहेत यात. होडी विकून दिलेले.
विश्राम सकाळपासून गप्प. मग म्हणाले, सगळे दिवे लाव.
शिबूला म्हणाले, इस्त्रीचा शर्ट घाल,
पाच नंबरला बस, पाठ इकडे करून.
दोन महिन्यांचा पगार थकलेला शिबू
मल्याळीत काहीतरी पुटपुटला
आणि बसला.
रेवती तीन नंबरला, माझी ओढणी डोक्यावरून घेऊन.
शेजारचा न्हावी अस्लम सातला;
त्याच्याकडेही कोणी नव्हतं, कात्री खिशातच राहिलेली.
प्रत्येकापुढे ताट, एकच भाजी तीन ठिकाणी वाटून.
मी गल्ल्यावर.

फोन सगळीकडे फिरला.
भावोजी म्हणाले, वा, गर्दी आहे रे.
विश्राम हसले.
ते हसू मी ओळखते. माझ्या बाबांकडे मागणी घालायला आले
तेव्हा नोकरी नव्हती त्यांना.

नेमकं तेव्हाच दार ढकललं गेलं.
खरा माणूस. हेल्मेट काखेत, बुटांना सिमेंट.
टेबलं बघितली, ताटं बघितली, पाठी बघितल्या
आणि आमच्याच बाजूच्या हेलात स्वतःशी म्हणाला,
'जागा नाय दिसता.'
आणि वळला.

शिबू ताटासकट उठला. न्हावी उठला.
रेवती ओढणीनेच खुर्ची पुसायला लागली,
'बसा ना काका, बसा, रिकामंच आहे सगळं!'

फोन चालू होता.

तिकडून कुणी काही बोललं नाही.
नुसती खरखर, समुद्राची किंवा नेटवर्कची.
मग भावोजी म्हणाले,
'त्येका आधी वाढ. मी थांबतंय.'

तीन पोळ्या, आमटी, तळाशी उरलेली सोलकढी.
त्याने रियालची नोट पुढे केली.
गल्ल्यात मोड नव्हती,
न्हाव्याने खिशातून काढून दिली.
ती मी वहीत लिहिली, पहिल्यांदाच उलट्या बाजूला.
फोनवर दोघे भाऊ मागच्या दारी काय बोलले, मी विचारलं नाही.

रात्री बटण बंद केलं की
पाटीची डावी बाजू आधी विझते,
वायरिंगच तसं आहे.
उजवी थोडा वेळ जळत राहते.
विश्रामना अरबी येत नाही.
तरी रस्ता ओलांडून पलीकडे उभे होते,
मान वर करून.