उणे साडेतीनशे ते अधिक चारशे

शून्य आमच्याकडे आम्स्टरडॅमहून येतं.
तिथल्या एका पितळी खुणेपासून अख्खा देश
आपली खोली मोजतो.
माझं स्वयंपाकघर उणे एकशे दहा,
चर्चची पायरी उणे चाळीस,
गायी सगळ्या उण्यातच, आणि मजेत चरतात.
तेव्हा उणे म्हणजे चूक, असं
झेलंडमध्ये कुणाला सांगायला जाऊ नये.

त्या रात्रीची चूक वेगळी होती.
पातळी मोजायच्या नळीत शिंपले वाढले, नळी बुजली,
आणि पडद्यावर आकडा उमटला:
बत्तीस हजार सातशे सदुसष्ट.
सेंटिमीटर.
म्हणजे मिडलबर्गचे मनोरे तीन, एकावर एक रचले
तरी तिघांच्याही डोक्यावरून पाणी.
प्रोग्रामला यात काही वावगं दिसलं नाही.
सोळा बिटांत आकडा मावत होता,
आणि मावतो तो खरा, एवढीच त्याची अक्कल.
त्यानं दरवाजे पाडले.
मग कुणीतरी कधीकाळी घातलेली दुरुस्ती, अधिक एक,
त्यात मिळवली गेली.
हातचा ठेवायला जागा उरली नव्हती.
समुद्र एका क्षणात
तितकाच खोल जमिनीखाली गेला.
त्यानं दरवाजे उघडले.
पाडले. उघडले. उजाडेपर्यंत.
बाहेर कोळंबीच्या तीन होड्या
दिवे लावून, शिव्या घालत ताटकळल्या.

सकाळी मी एक ओळ लिहिली:
पाणीपातळी, पूर्णांक,
उणे साडेतीनशे ते अधिक चारशे.
पूर्णांकांच्या त्या अवाढव्य गावातली
सातशे एक्कावन्न घरांची एक गल्ली.
बाकीच्यांना आत मज्जाव.
टानेका म्हणाली, वरचं काही आलंच
तर चारशेच म्हणू दे ना त्याला, गप्प बसेल.
मी म्हटलं, गप्प बसेल म्हणूनच नको.

गुरुवारी क्राइन मिंडरहाउट कॉफीला आला.
चाळीस वर्षं हेच दरवाजे त्यानं हातानं फिरवले,
अजून तो पडद्याकडे न बघता खिडकीकडे बघतो.
"चारशे कुठून आणलंस?"
तीस वर्षांच्या नोंदींतून, मी म्हटलं,
वर थोडी शिल्लक ठेवून.
तो काही बोलला नाही. कप विसळला. कोट चढवला.
मला घरी घेऊन गेला.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एक रेघ.
चौकटीला चारदा रंग लागला,
रेघेपुरता दरवेळी ब्रश उचलला गेला.
"मी चार वर्षांचा. माळ्यावर.
फेब्रुवारीची पहाट होती.
खाली बादल्या तरंगत एकमेकींवर आपटत होत्या,
तो आवाज तेवढा आठवतो.
पाणी उतरल्यावर आईनं आधी ही रेघ ओढली,
मग चिखल काढायला घेतला."
मी टेप लावला.
उंबरठ्याची उंची त्यात धरली.
चारशे एकोणसाठ.

माझ्या ओळीनं त्या पहाटेला
"हे होऊ शकत नाही" म्हणून परत पाठवलं असतं.
माळ्यापर्यंत न पोचलेल्या
क्राइनच्या बहिणीलाही.

आता साडेसहाशे लिहिलंय.
तिथं बांधाचा माथा संपतो.
त्याच्या वर दरवाजा उघडा काय, बंद काय,
सारखंच.
"आणि साडेसहाशे एक झालं तर?" क्राइननं विचारलं.
तर प्रोग्राम अंदाज करणार नाही,
जवळचा आकडा उचलून वेळ मारून नेणार नाही.
कोण खोटं बोलतंय, शिंपला की समुद्र,
हे त्याला कळत नाही, हे तो कबूल करेल
आणि माणसाला उठवेल.
"कुठल्या माणसाला?"

या आठवड्यात मला.
माझा फोन नंबर त्याच फाइलमध्ये आहे, चार ओळी खाली.
त्याला वरची हद्द नाही, खालची नाही,
त्याची कुणी बेरीज करणार नाही.
तो अक्षरांत ठेवलाय,
कारण तो शून्यानं सुरू होतो,
आणि संख्या म्हणून लिहिला
तर पुढचं शून्य गळून पडतं
आणि रात्री तीन वाजता
घंटा कुणाकडेच वाजत नाही.