वेलांटी

दिपांशूच्या नावात दोन वेलांट्यांचं भांडण आहे.
आधारवर पहिली, दाखल्यावर दुसरी,
आणि बँकेच्या पुस्तकात शेवटचा उकारही आखूड.
म्हणून तीन महिन्यांचे पैसे
दारव्हा आणि यवतमाळच्या मधे कुठेतरी
बस चुकल्यासारखे थांबलेत.

फाईल पेटीत असते, माझ्या लग्नातल्या लुगड्याखाली.
दोघांच्या आधी तीच घरी आली होती.
त्यात तो सात वर्षांचा, ती अकराची.
गाव म्हणालं, "घ्याचंच होतं त लहानगं घ्याचं.
भाजल्या मडक्याले कान चिकटत नाई."
ह्यांनी बिडी विझवली. म्हणाले,
"पाणी त भाजल्याच मडक्यात ठेवतेत ना."

वर्षभर आचल मला मॅडम म्हणायची.
मॅडम, अजून एक भाकर घेऊ?
मॅडम, लाइट बंद करू?
अंगणवाडीतली मदतनीस मी,
उभ्या जन्मात मला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.
विचारून घ्यायची, आणि तरी लपवायची.
दप्तराच्या चोरकप्प्यातले खारे दाणे
आधी मुंग्यांना सापडले, मग मला.
मी कप्पा तसाच बंद केला.
सोमवारच्या बाजारातून दोन पुड्या आणू लागले,
एक डब्यात,
एक अशीच, ओट्यावर विसरल्यासारखी.

भावाच्या पेन्शनची वही तिनंच घातली.
बूट ३८०. तेल ९०. दवाखाना, जाणं-येणं.
एकदा सिलिंडरला कमी पडले म्हणून
त्यातले दोनशे मी उचलले, तर
पट्टी धरून तिनं ओळ आखली:
मॅडम, उसने, २००.
परत केले त्या दिवशी
त्याच पट्टीनं खोडलं.
चिडावं की कौतुक करावं कळेना,
मी कणीक तिंबत राहिले.

ह्यांनी अंगणात दोन बांबू आडवे बांधले,
त्यांना धरून दिपांशू उभा राहायला शिकला.
मग एक बांबू सुटला. मग दुसराही.
अकरा पावलं.
बाराव्याला शेणाच्या सड्यावर बसकण, आणि हसू.

दाखला नवा करायचा होता.
बुधवारी यवतमाळला, सकाळपासून ओळ.
कोणी घोंगडीत, कोणी मुलाच्या पाठीवर.
आचल त्याच्या कानाशी वाकली:
"आज चालू नको.
चालला त टक्के कमी होतीन.
मंग ठेवणार नाईत आपल्याले."

मी ऐकलं.
तिच्यावर रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं,
कारण पहाटेच्या गाडीत, खिडकीशी,
मीही टक्केच मोजत होते.

डॉक्टर म्हणाले, चालून दाखव.
त्यानं बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी म्हटलं, "चाल बाबू. सगळी पावलं दाखव."
अकरा झाली. बारा.
तेरावं पाऊल टेबलावर आदळलं
आणि त्यानं साहेबांचा शिक्काच धरला,
सोडेचना.
आचल भिंतीला टेकून
रडत नव्हती, फक्त आकडे पुटपुटत होती.
"घरी सोबतच जाणार आहोत," मी म्हटलं.
"तिघं. तिकिटं मी काढते."
तिचा विश्वास बसला की नाही, माहीत नाही.

टक्के किती, ते आठ दिवसांनी कळेल.

परतीत तहसीलला थांबलो.
बाबूनं चष्म्यावरून विचारलं,
या बाई कोण लागतात तुमच्या?
मी फाईलची नाडी सोडायला घेतली.
आचल आधी बोलली, पेनचं टोपण चावत:
"घरची हाये."

दुरुस्तीचा अर्ज तिनंच भरला.
नावाशी येऊन अडली. "कोणती खरी लिहू?"
हे मला ठाऊक असायला हवं होतं.
मी दिपांशूला विचारलं.
त्यानं आखडलेलं बोट उचललं
आणि हवेत काहीतरी काढलं,
खालून वर, थरथरत,
पहिलीही म्हणता येईल,
दुसरीही.