पाय निघायला लागणारा वेळ

पडद्यावर वाल-द-उर्झ जळतंय, तीनशे बाराव्यांदा.
वारा ईशान्येचा, ताशी चाळीस.
निलगिरीची पेटती साल उडते,
ओढा ओलांडून पलीकडे पडते,
तेवढं सूत्रात नीट बसलंय.
गावात एकशे शहाऐंशी माणसं. तितकेच ठिपके.
बाहेर जायला रस्ता एक, चॅपेलपाशी वळणारा.
तिथे ठिपके अडतात.
मुंग्यांसारखे म्हणणार होते,
पण मुंग्या अडत नाहीत.

एका रकान्यात मी भरलं होतं:
सायरन ते उंबरा, बारा मिनिटं.
हे बारा एका जुन्या अहवालातले.
अहवालात कुठून आले, कुणी विचारलं नव्हतं.

जूनमध्ये लॅपटॉप घेऊन गावात गेले.
बेल्मिरोने कॅफेतली फुटबॉलची मॅच बंद केली,
जरा नाखुशीनेच,
आणि त्याच टीव्हीवर गाव पेटवलं मी.
कुणी काही बोलेना. कॉफीचं यंत्र तेवढं फुसफुसत होतं.
दोना झुल्मिराने चष्मा बदलला, पुढे वाकली.
"यातला माझा कुठला?"
दाखवला.
तो बाराव्या मिनिटाला निघाला,
सरळ खाली, कुठेही न थांबता.
"ही मी नव्हे," ती म्हणाली.
"शेळ्या कोण सोडणार? सात आहेत.
आणि वरच्या घरातला देलियो ठार बहिरा.
त्याला हलवून उठवायला मी जाणार.
आधी वर."

वर म्हणजे आगीकडे.

मग सगळेच बोलू लागले.
कागदगिरणीतला पोरगा म्हणाला, मी गावात नसेन,
पण धूर दिसला की गाडी इकडेच वळवणार,
आई आहे ना.
कुणाला आधी शाळा. कुणाला नवऱ्याची औषधं.
एकाला काहीच नाही, तो नुसता
दारात उभा राहून बघत बसणार होता.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत मी बारा खोडले.
रकान्याला नाव दिलं: पाय निघायला लागणारा वेळ.
प्रत्येकाचा वेगळा.
तीनशे तेरा.
ठिपके आधी आत आले, मग बाहेर निघाले,
चॅपेलच्या वळणावर समोरासमोर भिडले.
एक्केचाळीस लाल.
इतका वाईट निकाल आजवर आला नव्हता,
आणि इतका खराही.

पुढची कामं फार साधी.
देलियोच्या उशाशी सायरनबरोबर लुकलुकणारा दिवा.
ऑगस्टपुरता शेळ्यांचा गोठा खाली, ओढ्याकाठी.
तेलघाण्यामागची गाडीवाट, जी माझ्या नकाशातच नव्हती,
आणि तिच्या फाटकाची किल्ली,
जी बेल्मिरो कुणाला देत नसे.
आता तीनशे चाळीसावी फेरी, नऊ लाल.
नऊवर माझं घोडं अडलंय.

ठिपक्यांना नावं द्यायची नाहीत, असा आमचा नियम.
मी एकालाच दिलंय.
एरवी फेरी पळवते, तास मिनिटात उरकतो.
आज खऱ्या वेगाने लावली.
तो ठिपका वर चढतोय, गुडघ्यांवर हात टेकत असेल,
देलियोच्या दाराशी थांबलाय.
पुढे ढकलायचं बटण बोटाखाली आहे.
दाबत नाही.
तिला लागतील तेवढी मिनिटं
मीही इथे बसून राहते.