विश्रांती, दहा मिनिटं

फोगो बेटावर पहाटे पावणेपाचला
डुल्सेलीना दार वाजवते.
"पाणी तीन लिटर. काठी घ्या. बोलणं कमी."
एजन्सीच्या कागदावर तिचं नाव नाही,
नुसतं 'स्थानिक वाटाड्या'.
वाटाडी म्हणा, ती सांगते, आणि पुढे होते.

शिखरावर गंधकाचा वास.
कुणीतरी फोटोसाठी हात पसरतं,
ती पाठ करून चीज कापत बसते,
बकरीचं. तिच्याच बकरीचं.

उतरताना राखेत टाच रोवायची,
गुडघे सैल सोडायचे.
चार तासांची चढण
चाळीस मिनिटांत पायांखालून घसरून जाते.

मग काळं रान,
दोरखंडासारखा पिळून गोठलेला दगड.
एका जागी ती थांबते. रोज तिथंच.
कागदावर: विश्रांती, दहा मिनिटं.
दगडातून पत्र्याचा एक कोपरा वर आलाय.

"ह्याच्याखाली माझं स्वयंपाकघर,"
जसं कुणी सांगावं, इथून बस मिळते.
"सहा दिवस मिळाले. लाव्हा हळू येतो,
म्हाताऱ्या गाढवासारखा, मध्येच थांबत.
दारं काढून नेली, खिडक्या, फ्रिज,
बाळाचा पाळणासुद्धा.
ओटा राहिला."

ओटमार विचारतो, ब्रेमेनहून आलेला,
"मग परत इथंच का बांधलंत?"

ती त्याच्या पायांकडे बघते.
"आधी बूट झाडा.
राख बाहेर न्यायची नाही,
आमची द्राक्षं हिच्यातच येतात."

तो खाली बसतो, बूट उपडे करतो.
बरीच निघते.
ती घड्याळ बघते:
अकरा मिनिटं झालीत.