गॅस्केट

बंगालच्या उपसागरात कुठंतरी वादळ वळलं.
टीव्हीवर पांढरा भोवरा दाखवला,
ओडिशा, छत्तीसगड, मग एक बाण आमच्याकडे.
आम्ही म्हटलं, इथवर येईस्तोवर दमते ते.
नागपूरला समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही.

रात्री दोनला सुरू झाला.
थेंब नव्हतेच,
टाकीचा व्हॉल्व्ह तुटल्यावर पडते तसं पाणी, एकसलग.
तलाव भरला, भिंतीवरून उतरला,
आणि नाग नदी, जिला आम्ही जन्मभर नालाच म्हटलं,
नाक दाबून जिच्या पुलावरून स्कूटर काढली,
ती साडेतीनला ले-आउटमध्ये आली.
आधी न्हाणीच्या जाळीतून.

मी फ्रिज दुरुस्त करतो.
जुने घेतो, गॅस भरतो, रंग मारून विकतो.
वच्छलाबाई निनावेंचा मरून रंगाचा, एकशे नव्वद लिटर,
माझ्याच हातचा.
इन्सुलिन ठेवायला पाहिजे होता त्यांना.
दाराचं रबर सैल होतं, नवं बसवलं,
कागद अडकवून ओढून दाखवला. निघाला नाही.
पक्कं काम करतोस रे शेषराव, म्हणाल्या,
वर पन्नास रुपये दिले, तर्रीपोहे खा म्हणून.

चांगल्या रबराचा फ्रिज बुडत नाही.
बावीस वर्षं झाली या धंद्यात,
मला हे माहीत नव्हतं.
पाणी कमरेला आलं की तो उठतो,
आडवा होतो,
अंधारात खोलीभर फिरतो, भिंतींना ढुसण्या देत,
आणि दारापाशी जाऊन बसतो.
दार आत उघडणारं.

पोरगा बुटीबोरीला, नाइट शिफ्टवर.
बाहेरून लोहकरे, त्यांचा जावई,
वरच्या मजल्यावरचा पॉलिटेक्निकचा मुलगा,
तिघांनी खांदे लावले.
चार बोटं फट पडली.
फटीतून बाईंचा हात आला होता, लोहकरे सांगतात,
त्यांनी धरला होता.
किती वेळ, ते सांगत नाहीत.

आठला पाणी उतरलं.
भिंतीवर रेघ, कॅलेंडरच्या वरच्या खिळ्याला टेकलेली.
पंचनाम्याला साहेब आले, त्यांनी टेप लावला.
फ्रिज मी उघडला.
आत कोरडं.
इन्सुलिनच्या दोन बाटल्या, अर्धं लिंबू,
वाटीत झाकलेलं वरण.
चांगलं काम केलं होतं मी.

तेरवीनंतर पोरानं विचारलं,
काका, हा चालू होईल का?
होईल म्हटलं.
दुकानात आणला, मोटर वाळवली, रिले बदलला,
पहिल्याच झटक्याला सुरू झाला.
तो न्यायला आला नाही. मी फोन केला नाही.

आता गिऱ्हाइकाकडे गेलो
की घराचं दार आधी बघतो,
कोणत्या अंगाला उघडते.
काऊन हो भाऊ, विचारतात.
काही नाही म्हणतो,
फ्रिज आत जाते का,
तेवढं मोजून घेतो.