पाण्यात पाहणं

एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे वैर, म्हणतात.
माझं उलट.
चाळीस वर्षांत मी मासा पाण्यात पाहिलाच नाही.
पाहिला तो डेकवर, जाळ्याची गाठ सुटली की गुडघ्यापर्यंत,
कॉड, हॅडॉक, आ वासलेले.
मिनिटाला किती पोटं फाडतो यावर
ग्रिम्सबीच्या गोदीत माणसाची किंमत ठरायची,
आणि माझी बरी होती.

आता मागच्या अंगणात, कोळशाची कोठी होती तिथे
डबक्याएवढं तळं. काळं रबर, कडेला फुटक्या फरश्या.
नातीनं, टिल्डानं, जत्रेत रिंगा फेकून दोन गोल्डफिश जिंकले.
मी नळ सोडला, पिशवी उपडी केली,
झालं, म्हटलं, यात काय शिकायचंय.

पहाटे दोघे वर.
लाखांनी मोजलेत मी,
आणि या दोघांपाशी अनवाणी उभा राहिलो
चहा निवून जाईतो.

कुंपणापलीकडून थिर्झा ऑडलिंग म्हणाली,
पाणी कोरं होतं, विल्फ.
कोऱ्या पाण्यात वाईट काय असतं?
क्लोरीन सोडलं तर काहीच नसतं, तेच वाईट.
मग तिच्या तळ्यातली बादलीभर हिरवी घाण आणून
ओतली, दुधाला विरजण लावावं तशी.
सहा आठवडे थांब. रोज चिमूटभर खाणं टाक, मासे नसले तरी.

सहा आठवडे मी रिकाम्या तळ्याला जेवू घातलं.
काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, वर औषधाचे थेंब, मग रंग बघायचा:
हिरवा म्हणजे अजून विष, पिवळा म्हणजे या.
पलीकडचा पोरगा विचारायचा, मासे कुठायत?
यायचेत.

पाच आणले. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली,
आतल्या पाण्याची बाहेरच्याशी ओळख होईपर्यंत.
कोरड्या हातानं धरू नकोस, थिर्झा म्हणाली,
अंगावरचा बुळबुळीत थर हाच त्यांचा रेनकोट.
हे हात, मिठानं चिरलेले, दोन बोटं अर्धीच,
आधी ओले केले.

बाकीचं हळूहळू.
दोन मिनिटांत संपेल तेवढंच द्यायचं.
बगळा छपरावर येऊन बसू लागला तसं जाळं पुन्हा हाती आलं,
विणलं तेच, जुन्याच गाठी,
फक्त आता मासे खाली आणि मी राखणीला.
थंडी पडली की खाणं बंद:
थंडीत मासा उपाशी मरत नाही, खाऊन मरतो.

जानेवारीत तळं गोठलं.

आइसलँडच्या वर बर्फ दोरखंडांवर चढतो,
जहाज डोक्याकडे जड होत जातं,
मग कुऱ्हाड, पाना, हाती येईल ते घेऊन फोडत राहायचं,
हात थांबले की जहाज कलंडलं.
ऑझी ड्र्यूरीचे हात एकतिसाव्या तासाला थांबले.
जहाज नाही कलंडलं.
ऑझी गेला.

पहाटे पाचला मी अंगणात, हातोडा उगारलेला.
थिर्झाच्या खिडकीत दिवा. ओरडली नाही ती,
ऑक्टोबरातच सांगून झालं होतं तिचं:
बर्फावर मारलेलं त्यांना लागतं.

उगारलेला हात खाली यायला वेळ लागतो.

दांड्याच्या पातेल्यात पाणी उकळलं, बर्फावर ठेवलं,
दांडा धरून बसून राहिलो.
काही होत नव्हतं. होत नव्हतं.
मग एकदम भोक पडलं, आणि पातेलं हातातून सुटून तळाशी.
वाकून मोजले. चार.
पाचवा कमळाच्या कुंडीआड,
कल्ले हलताहेत, इतकंच.

राहू दे आता मार्चपर्यंत, थिर्झा म्हणाली.
राहिलं. मार्चनंतरही.
सगळ्यात लहान आहे तो दुपारचा त्यात जाऊन बसतो.
पातेल्यात मासा मी पुष्कळ पाहिलाय.
असा नव्हता पाहिला.